थांबायला लागणारा वेळ

धुळ्याच्या तंत्रनिकेतनात, वर्कशॉपमागच्या शेडमध्ये
सहा वर्षं ते ताडपत्रीखाली होतं.
शिकाऊ जेट विमानाचं इंजिन. टर्बोजेट. लहान.
इतकं लहान की बघायला आलेला जो तो आधी म्हणायचा,
"एवढंच?"
आणि खैरनार सर, ज्यांना हा प्रश्न ऐकू यायचा नाही,
ओठांवरून ओळखून म्हणायचे, "एवढंच."

सुपडू खैरनार. शिंदखेड्याकडचे.
वरची दोन भावंडं गेली म्हणून
जन्मल्या जन्मल्या सुपात घातलेले.
पुढे वायुदलात फिटर. चोवीस वर्षं
विशीतल्या पोरांना आभाळात धाडणारी इंजिनं
उघडायची, पुसायची, मिटायची.
त्या शिट्टीनं कान नेले,
पेन्शन दिली.

शिकवायचे चार शब्दांत:
ओढ. दाब. पेटव. सोड.
पहिल्या पात्यांपाशी माझा हात नेऊन म्हणाले,
हे सूपच आहे, फक्त गोल.
आई दाणे ठेवायची, वारा सोडायची.
हे वारा ठेवतं.

पितं काय? रॉकेल.
गाळलेलं, कोरडं केलेलं, मोठ्या नावाचं,
पण रेशनच्या रांगेत पाच लिटरचा कॅन धरून
उभी राहिलेली मी
वासाला फसले नाही.

मे महिन्यात ठरलं. पहाटे पाचला,
कारण दुपारच्या पंचेचाळीसमध्ये इथली हवा पातळ होते,
पाहुणे वाढल्यावरच्या ताकासारखी.
तिनं इंजिनाचं पोट भरत नाही.

आदल्या संध्याकाळी ओणवे होऊन आम्ही शेड वेचली.
आत ओढलं जाईल असं काहीच नको.
सापडलं ते: चिंचोका, दोन नट, भुईमुगाची टरफलं,
साक्रीचं एसटीचं तिकीट,
आणि माझाच केसांतला आकडा,
हरवल्याचं मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

पहिल्या वेळी पेटलं नाही.
म्हणजे फिरलं, गुणगुणलं, काटा चढला आणि अर्ध्यात बसला,
तोंडी परीक्षेत मुलगा बसतो तसा.
सरांनी बंद केलं. रागावले नाहीत.
दाब मोजणाऱ्या बारीक नळीत टॉर्च मारला:
कुंभारमाशीनं घर केलेलं.
पेरभर माती, आत एक अळी,
आणि तिच्या शिदोरीला कोंबलेले कोळी.
फैयाज तडवीनं पिन मागितली.
माझी तीच.
घर त्यानं अलगद काढून खिडकीत ठेवलं.

दुसऱ्या वेळी आधी नुसताच श्वास,
लांब, आत घेतलेला, संपेचना.
मी मागे सरकले. सर ओरडले,
"थांब ना पोरी, तो आते दम ली ऱ्हायना!"

मग पेटलं.
आवाज कानांना नाही, दातांना कळला.
कुंपणापलीकडची बाभूळ सगळी एकीकडे झाली.
लळिंगच्या डोंगरावर अजून अंधारच.
चाळीस सेकंद, सगळ्यात खालच्या गतीवर.
ते कुठेही जाणार नव्हतं,
सिमेंटात चार बोल्टांनी आवळलेलं,
तरी चौकट पुढे झुकली
केसाएवढी. मी पाहिलं.

बंद.

आणि आता सरांनी केलं ते पुस्तकात नाही:
पुढच्या, गार बाजूला तळवा टेकवला, डोळे मिटले.
बंद केल्यावर किती वेळ फिरत राहतं
त्यावरून कळतं, आत कुठे काही घासतंय का.
घड्याळ फैयाजच्या हातात.
पाती आधी नव्हतीच, मग धूसर,
मग एकेक, मोजता येतील अशी,
मग स्थिर.
"थांबलं," फैयाज म्हणाला.
सरांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं.
"शे," ते म्हणाले. "अजून शे."
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो
न हलणाऱ्या पात्यांकडे.

फैयाजनं वहीत लिहिलं, सत्तेचाळीस सेकंद.
सरांनी तळवा काढला, पुसला,
आकडा खोडून
अठ्ठेचाळीस केला.